जिवंत चेहऱ्याचं काम

१

सकाळी सात दहाला वारज्याच्या पुलापाशी हिंजवडीची कंपनीची बस येते आणि सातला पाच मिनिटं कमी असताना आमच्या घरात भांडण सुरू होतं. तीन वर्षं हा नेम चुकलेला नव्हता. विषय कुठलाही चालायचा. गिझर चालू राहिला, डबा विसरला, ओला टॉवेल पलंगावर टाकला. माझी मुलगी आम्रपाली दार आपटायची, तीन मजले जिना दणाणत उतरायची आणि खालून ओरडायची, "बाबा, गॅस बंद करा!" वरच्या मजल्यावरच्या कौशल्याबाई म्हणे त्यावर घड्याळ लावायच्या.

लोकांना वाटायचं, या बाप-लेकीचं काही पटत नाही. लोकांना काय कळतंय डोंबल! आमच्या घरात माणूस भांडतोय म्हणजे तो ठणठणीत आहे. तिची आई हिरा गेली, त्याआधीचे आठ दिवस ती माझ्याशी एकदाही भांडली नव्हती. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

मी सुखदेव. लक्ष्मी रोडच्या मागे एक स्टुडिओ होता, तिथे छत्तीस वर्षं टचिंग केलं. टचिंग म्हणजे बारीक ब्रश घेऊन फोटोवर हात फिरवायचा आणि माणूस होता त्यापेक्षा बरा दाखवायचा. आता ते कॉम्प्युटरवर कुणीही करतं. दोन हजार दोन साली स्टुडिओ बंद झाला, तिथे मोबाइलचं दुकान आलं. स्टुडिओत टचिंगला आम्ही दोघं. नव्या नवऱ्या, मुंजीतले बटू, पदवीचे काळे झगे हे सगळं यज्ञेश्वरकडे. माझ्याकडे मेलेले.

पूर्वी कित्येक घरांत माणसाचा जिवंतपणी एकसुद्धा धड फोटो नसायचा. माणूस गेला की धावपळ करून फोटोग्राफर बोलवायचे आणि डोळे मिटलेला तो चेहरा माझ्या टेबलावर यायचा. मी डोळे उघडायचो. मिटलेल्या पापणीवर बुबुळ रंगवायचं आणि सगळ्यात शेवटी त्या बुबुळात टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका. त्या ठिपक्याला स्टुडिओत 'जीव' म्हणत. मालक काउंटरवरून विचारायचे, "सुखदेव, जीव टाकला का? लोक थांबलेत."

मेलेले मलाच का, हे मी कधी विचारलं नाही. आडनाव सगळ्यांना वाचता येत होतं. पहिल्या दिवशी मालक गोड आवाजात म्हणाले होते, "तुमच्याकडे या कामाची सवय असते." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. आजही जाते.

आता डोळे काढायचे कुणाचे? मेलेल्याचे उघडे डोळे मी थोडेच पाहिलेले असायचे! टेबलावर एक छोटा आरसा ठेवायचो आणि स्वतःचेच काढायचो. पुण्यातल्या कितीतरी भिंतींवरून लोकांचे आजोबा-पणजोबा माझ्या डोळ्यांनी बघताहेत. ज्यांनी मला उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं, त्यांच्या देवघराशेजारी मी हार घालून बसलोय. छत्तीस वर्षं या एकाच गोष्टीचं मला हसू येत होतं.

२

आमूला, म्हणजे आम्रपालीला, माझा जुना दोन भिंगांचा कॅमेरा दिला ही माझीच चूक. आठवडाभर हिंजवडीत एसीत बसायचं आणि रविवार उजाडला की वारज्याच्या टेकडीवर. एकटी. तिथून पिशव्या भरून पाला यायचा. गिरिपुष्पाची वाळकी पानं, सालं, वारुळाची माती, सापाची कात. बाथरूममध्ये लाल दिवा लावून ती मोठमोठे काळे-पांढरे फोटो धुवायची आणि त्यांच्यावर हा सगळा उकिरडा चिकटवायची. वर दोऱ्याने शिवायची. जेवणाच्या टेबलावर जेवायला जागा नाही.

"हे काय आहे?"

"मिक्स्ड मीडिया, बाबा."

"मिसळ म्हण ना सरळ. तर्री कुठाय?"

"बाबा, प्लीज. तुम्हाला कळत नसेल तर बोलू नका."

कंपनीच्या नव्या इमारतीत भिंती रिकाम्या होत्या. एचआरच्या स्पृहा मॅडमच्या डोक्यात आलं की आपल्याच लोकांच्या कलेचं प्रदर्शन लावावं. विषय: निसर्ग आणि अंतर्मन. म्हणजे आधी गावची शेतं सपाट करून इमारत बांधायची आणि मग तिच्या भिंतीवर पाला चिकटवायचा. मी हे आमूला म्हणालो. ती म्हणाली, "अगदी बरोबर बोललात, म्हणूनच मी करतेय." हे मात्र मला आवडलं.

मग एका रविवारी तिने तो फोटो धुतला. वीस बाय चोवीस इंच. टेकडीवर पाल्यात आडवी पडलेली ती स्वतः. कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून, त्याची चावी भरून आपोआप काढलेला. कडेने तिने पानं लावली होती, कपाळाच्या वर स्वतःचे कापलेले केस शिवले होते. डोळे मिटलेले.

माझं डोकंच फिरलं.

"हा काय चावटपणा आहे? मेल्यासारखी दिसतेस."

"मी शांत दिसतेय."

"शांत माणसं मी छत्तीस वर्षं बघितलीत, मला शिकवू नकोस."

ती चिडली. नाकपुड्या फुगल्या. "तुम्हाला काय माहितीय हो? दिवसभर मी यस म्हणते. टीम लीडला यस, क्लायंटला यस. संध्याकाळी आरशात बघितलं की वाटतं, ही कोण बया? तिथे वर डोळे मिटून पडलं की निदान कळतं आत कोण आहे ते. कुणीतरी आहे, बाबा, आणि ती भयंकर चिडलेली आहे. तो माझा फोटो आहे. त्याला हात लावायचा नाही."

"मग माझ्यापुढे कशाला आणलास?"

"धुळीचे ठिपके आलेत. तेवढे भरा. फक्त ठिपके." दार आपटून ती आत गेली.

३

सोमवारी ती बसने गेली. मी खिडकीपाशी टेबल ओढलं, चष्मा लावला, जुनी रंगांची पेटी काढली. ठिपके अकरा होते. अकराही भरले. तेवढ्यावर उठायला हवं होतं.

हाताला सवय होती, असं मी नंतर चार दिवस स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे. मला राग आला होता. माझी पोर, माझ्या पोटची पोर, माझ्या टेबलावर डोळे मिटून पडलेली. ज्या टेबलावर मी परक्यांची मढी घेतली, हिराला घेतलं, त्याच टेबलावर ही आपण होऊन येऊन पडली. वर म्हणते, शांत दिसतेय! मी म्हटलं, थांब, बघतोच तुला.

आरसा काढला. उजवा डोळा, मग डावा. शेवटी पांढरा रंग भिजवला आणि जीव टाकला, दोन्हीकडे, एकेक टिंब. मान वर केली तर चार वाजलेले, आणि समोर आम्रपाली माझ्याकडे टक लावून बघत होती. काम सुरेख झालं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी जिवंत चेहऱ्याला ब्रश लावला होता आणि यज्ञेश्वरच्या तोंडात मारेल असं काम झालं होतं.

मग मी भांडणाची तयारी करून बसलो. ती काय म्हणेल, मी काय म्हणेन, सगळं ठरवून ठेवलं. सहा चाळीसला किल्ली फिरली. ती आत आली, फोटोसमोर उभी राहिली. खांद्यावरची बॅगसुद्धा काढली नाही.

"डोळे उघडलेत मी," मी म्हणालो. "म्हण काय म्हणायचंय ते."

ती वळली आणि म्हणाली, "बरं."

४

आमू आयुष्यात कधी 'बरं' म्हणालेली नाही. शाळेत असताना बाई म्हणायच्या, या मुलीला एक गोष्ट सरळ मान्य होत नाही.

दुसऱ्या दिवशी सातला पाच कमी असताना घरात आवाज नव्हता. टॉवेल दोरीवर, गिझर बंद, डबा भरलेला. तिने दार हलकेच ओढून घेतलं. खालून कुणी ओरडलं नाही. मी उठून बघितलं, गॅस तिने स्वतःच बंद केला होता. कौशल्याबाई जिन्यात भेटल्या. "मुलगी शांत झाली हो तुमची. आता स्थळं बघायला हरकत नाही." मी म्हटलं, "तुम्ही तुमच्या घड्याळाचं बघा."

बुधवारी ती कांदा चिरत होती. आमूला कांदा चिरताना शिव्या देत चिरायची सवय, नाक पुसत, डोळे बारीक करून. ही सरळ बघत चिरत होती. चार कांदे झाले. तिची पापणी लवली नाही.

मी मनाशी म्हटलं, सुखदेव, म्हातारा झालास. पेपरात आलं होतं ना, कॉम्प्युटरपुढे बसणाऱ्यांच्या पापण्या लवत नाहीत, डोळे कोरडे पडतात. हिंजवडीचे निम्मे लोक असेच असणार. औषधाच्या दुकानातून थेंब आणले.

"मान वर कर."

"बरं."

मी उजव्या डोळ्यात थेंब टाकला. माणसाच्या डोळ्यात थेंब पडला की पापणी आपोआप मिटते, तान्ह्या बाळाचीही मिटते. तो थेंब तिच्या उघड्या बुबुळावर पडला, तिथेच क्षणभर राहिला आणि गालावरून खाली गेला. मी इतका जवळ होतो की मला सगळं दिसलं. भर दुपारची बाल्कनी, कडक ऊन. अशा उजेडात माणसाच्या डोळ्यात खिडकी दिसते, आकाश दिसतं, एक पांढरं टिंब तरी दिसतंच. छत्तीस वर्षं मी ते टिंब बघत आलोय, त्यात माझी चूक होणार नाही. तिच्या डोळ्यांत ते नव्हतं.

"झालं का, बाबा?"

"तू आज ऑफिसला का नाही गेलीस?"

"तुम्ही थांब म्हणालात."

मी सहज म्हणालो होतो, सकाळी, चिडवायला. आमू अशा वेळी म्हणाली असती, कंपनी काय तुमच्या तीर्थरूपांची आहे का?

५

यज्ञेश्वरला फोन केला. तीन वर्षांनी. सदाशिव पेठेतला माणूस, घंटा दहा वेळा वाजू दिली.

"कोण? सुखदेव? दीड वाजलाय."

"एकच विचारायचंय. जिवंत माणसाचे डोळे कधी उघडलेस का? फोटोत मिटले असतील तर?"

"छे! परत बसवायचं माणसाला, दुसरा फोटो घ्यायचा. जिवंताचे डोळे रंगवायचे नसतात."

"का?"

"का काय का? मालकांचा नियम होता. पहिल्याच दिवशी सांगायचे. जिवंताच्या डोळ्यात जीव असतोच, आपण दुसरा टाकायचा नाही."

"मला कधी सांगितलं नाही."

तो अगदी सहज, पोळी वाढावी तितक्या सहज म्हणाला, "तुला कशाला सांगतील? तुझ्याकडे जिवंत माणूस येणारच नव्हता."

मी फोन आपटला. अर्धा तास घरात फेऱ्या मारत मालकाला, त्याच्या स्टुडिओला, त्याच्या गोड आवाजाला शिव्या घातल्या. छत्तीस वर्षं! एका वाक्याचा नियम, तोसुद्धा या लोकांनी आपसातच ठेवला. ब्रश दिला, रंग दिला आणि हातात काय दिलंय ते सांगितलं नाही. आणि फेडायचं कुणी? माझ्या पोरीने.

मी ओरडत होतो तेव्हा ती कोचावर बसून होती. "शांत व्हा, बाबा," ती म्हणाली. तिने पाणी आणून दिलं. ग्लास मी भिंतीवर फेकला. तिने काचा गोळा केल्या.

६

सोमवारी दहा वाजता कंपनीचा टेम्पो फोटो न्यायला येणार होता. म्हणजे माझ्याकडे रविवार होता.

रविवारी ती टेकडीवर गेली नाही. "कशाला जायचं?" म्हणाली आणि स्वयंपाकघरात भांडी पुसत बसली. मी माझ्या खोलीत फोटो टेबलावर घेतला. खिडकीतून सकाळचं ऊन येत होतं. मी छत्तीस वर्षं डोळे उघडत आलो, मिटवायला कुणी आणलेच नव्हते. पण रंग वरवरचा असतो. ओल्या कापसाने पुसला की निघतो आणि खाली फोटोतली मिटलेली पापणी जशीच्या तशी असते. एवढं सोपं होतं. मी कापूस भिजवला, पिळला आणि उजव्या डोळ्यावर ठेवला.

आधी पांढरा ठिपका गेला. मग बुबुळ विरघळलं. कापूस काळा झाला, तो टाकून दुसरा घेतला. पुसत राहिलो. पापणीची करडी रेघ दिसायला हवी होती. ती दिसेना. रंग सगळा निघाला तरी खाली डोळा होता.

तो मी काढलेला नव्हता. माझ्या हाताचा असता तर मी ओळखला असता. पाणी भरलेला, कडा लाल असाव्यात इतका तापलेला, फाटेस्तोवर उघडलेला. सातला पाच कमी असतानाचा तो डोळा होता. आणि त्यात उजेडाचं टिंब होतं. टेकडीवरच्या आकाशाचं नव्हे. मी भिंग लावून बघितलं. त्या टिंबात आमच्या खिडकीचे चार उभे गज होते आणि गजांच्या अलीकडे टेबलावर वाकलेला, हातात भिंग धरलेला एक म्हातारा होता.

भिंगाखाली ती पापणी एकदा लवली.

"आमू?" मी म्हणालो.

स्वयंपाकघरातून उत्तर आलं, "काय, बाबा?" अगदी गोड आवाजात.

मी दाराला कडी घातली. डाव्या डोळ्याला हात लावायचं धाडस मला झालं नाही. पहिला पुसून तिला माझ्यासमोर उघडं पाडलं होतं, बाहेर काढलं नव्हतं. दुसरा पुसला तर काय होईल हे सांगणारा एकच माणूस होता, आणि तो मालक मरून नऊ वर्षं झाली होती. त्याचेही डोळे मीच उघडले होते.

७

सोमवार सकाळ. मी काल सकाळपासून या खोलीत आहे.

एक गोष्ट मला उमगलीय. तो डोळा चिडलेला असला की त्यातलं टिंब झळझळीत असतं. मी गप्प बसलो की ते मावळायला लागतं आणि डोळा निवत जातो. निवत गेला की तो हळूहळू मी काढलेल्या डाव्या डोळ्यासारखा दिसतो. म्हणून मी गप्प बसत नाही. मी तिला बोलतोय. तिला झोंबेल असं सगळं. तुझी मिसळ कचऱ्यात टाकीन म्हणालो. त्या केदारने तुला लग्नाला नकार दिला ते बरंच केलं म्हणालो. तुझ्या आईच्या फोटोतले डोळे तिचे नाहीत, माझे आहेत, तू लहानपणापासून ज्यांच्याशी बोलत होतीस ते माझेच डोळे होते, हेही सांगितलं. तेव्हा डोळा असा पेटला की मी मागे सरकलो. मग मी रडलो. आणि टिंब मंद झालं, म्हणून घाईघाईने पुन्हा शिव्या द्यायला लागलो.

घसा बसलाय. आता शिव्यासुद्धा आठवत नाहीत. सकाळी बोट लावलं तर फोटो ओला लागला.

दहाला टेम्पोचा हॉर्न वाजला. जिन्यात बोलणं, मग बेल. स्पृहा मॅडम स्वतः आल्या होत्या. "आम्रपाली, काय ग्लो आलाय गं तुझ्या चेहऱ्यावर! इतकी शांत! मेडिटेशन करतेस का?" बाहेर दोघी हसल्या. मला माझ्या मुलीचं हसणं माहीत आहे. ती हसताना खोकते.

दारावर टकटक झाली.

"बाबा, फोटो द्या. ते लोक थांबलेत."

लोक थांबलेत! मी फोटो छातीशी धरला. वाळकी पानं चुरडली, तिचे केस माझ्या हनुवटीला टोचले. "भांड," मी त्या डोळ्याला म्हणालो. "भांड गं, आमू. मी तुझ्या तोंडाला काळं फासलंय, तुझं काम नासवलंय, तुला न विचारता तुझे डोळे उघडलेत. बापाला शिव्या दे. दार आपट. काहीतरी कर गं!"

टिंब अगदी बारीक झालं होतं. टाचणीच्या टोकाएवढं.

"बाबा," दारापलीकडून आवाज आला, "कुणाशी बोलताय?"

"माझ्या मुलीशी!" मी ओरडलो. "माझ्या मुलीशी बोलतोय मी! तू कोण विचारणारी?"

असं बोललो की आमूने दारावर लाथ घातली असती. तिने शेजारी गोळा केले असते. मी कान दाराला लावला आणि वाट बघत राहिलो.

"बरं," ती म्हणाली.